स्ट्रीट्स ऑफ रेज 3: सिक्वेल फसलाय, की आपण तो दुसऱ्या भागासारखा खेळतोय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लहानपणी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘मुस्तफा’, म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, भरपूर खेळलात. पुढे स्ट्रीट्स ऑफ रेज 2 हा तसाच रस्त्यावरच्या मारामारीचा गेम पाठ होईपर्यंत खेळलात. आता तिसरा भाग सुरू केला, तर नॉर्मलवर दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजलाच कंटिन्यू संपतात आणि इझीवर ठेवला तर पाचव्या स्टेजनंतर गेमच बंद होतो. दुसऱ्या भागातला मॅक्स हा खेळाडू गायब, संगीत कर्कश. म्हणून विचारताय की हा भाग मुळातच फसलेला आहे की आपलं काही चुकतंय, आणि यावर वेळ घालवावा का.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या एकमेकींत मिसळल्या की निदान चुकतं. या गेमची हाताळणी, म्हणजे पात्र कसं हलतं, कसं मारतं, कसं सुटतं, पहिल्या तीन भागांत सर्वांत चांगली आहे. ज्या समतोलावर ती बसवली आहे तो मात्र सर्वांत वाईट आहे, आणि त्यातही तुमच्या हातात आलेली आवृत्ती जास्त बिघडलेली आहे. त्यात तुमचे हात दुसऱ्या भागाच्या सवयीने चालताहेत. उत्तर बऱ्याच अंशी तीन गोष्टींवर अवलंबून आहे: कुठली आवृत्ती आहे, एकटे खेळताय की जोडीने, आणि दुसऱ्या भागात तुम्हाला नेमकं काय आवडलं होतं. तिथली शांत, ठाय लय आवडली असेल तर तिसरा कदाचित कधीच जवळचा वाटणार नाही, आणि त्यात तुमची चूक नाही.

आधी आवृत्तीचं बघू, कारण निम्मं दुखणं तिथेच आहे.

हा गेम 1994 साली सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलवर आला. जपानमध्ये त्याचं नाव बेअर नकल 3. अमेरिका-युरोपसाठी तोच गेम स्ट्रीट्स ऑफ रेज 3 म्हणून काढताना फक्त भाषांतर केलं नाही, गेमच बदलला. सर्वांत मोठा बदल अवघडपणाचा. पाश्चात्य आवृत्तीतला नॉर्मल हा साधारण जपानी हार्डइतका आहे. म्हणजे तुम्ही ‘नॉर्मल’ निवडता तेव्हा ज्यांनी तो गेम बनवला त्यांच्या मते तुम्ही हार्ड खेळत असता. शत्रूचा प्रत्येक फटका जास्त लागतो, आणि दुसऱ्या भागात जी चूक खपून जायची तिची इथे जबर किंमत मोजावी लागते. इझीवर पाचव्या स्टेजला मुख्य खलनायक मिस्टर एक्सचा रोबो पाडला की गेम तुम्हाला तिथूनच परत पाठवतो. जपानी आवृत्तीत इझीवरही शेवटपर्यंत जाता येतं. तेव्हा इझीवर अडकलात ते कमी खेळलात म्हणून नव्हे, पाश्चात्य आवृत्तीत तिथे दारच बंद केलेलं आहे.

कथाही बदलली. जपानी कथेत रॅक्सिन नावाचं महाभयंकर स्फोटक आणि जनरल पेत्रोव्ह यांच्याभोवती सगळं फिरतं. पाश्चात्य आवृत्तीत ते पुसून शहरातल्या अधिकाऱ्यांच्या जागी रोबो बसवण्याचं कारस्थान आलं. चित्रं जुनी, संवाद नवे, त्यामुळे मधली दृश्यं पाहताना काही ठिकाणी धागा तुटल्यासारखा वाटतो. खेळायच्या पात्रांच्या कपड्यांचे रंगही बदलले: ॲक्सेलचा पांढरा टी-शर्ट आणि निळी जीन्स जाऊन पिवळा-काळा आला, ब्लेझचा लाल जाऊन पांढुरका आला. काही स्त्री शत्रूंचे कपडे जास्त अंगभर केले. ॲश नावाचा एक छोटा बॉस पूर्ण वगळला. तो समलिंगी माणसाचं भडक व्यंगचित्र म्हणून रंगवलेला होता, त्यामुळे त्याच्या जाण्याचं मला दुःख नाही. रंगांचं मात्र आहे. दुसऱ्या भागातून आलेल्या माणसाला लाल ब्लेझ गर्दीतही चटकन सापडते.

म्हणून पहिला सल्ला: शक्य असेल तर बेअर नकल 3 खेळा. त्याची चाहत्यांनी केलेली इंग्रजी रूपांतरंही आहेत. तुमच्याकडे पाश्चात्य आवृत्तीच असेल तर ती नॉर्मलवरच ठेवा, पण मनात ‘हा हार्ड आहे’ असं धरून खेळा. आणखी एक, इम्युलेटर (जुन्या कन्सोलचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर प्रदेश युरोपचा ठेवू नका. तिथल्या टीव्हीच्या 50 हर्ट्झवर मेगा ड्राइव्हचे बहुतेक गेम सुमारे सहाव्या हिश्श्याने संथ चालतात. या गेमचा सगळा जीव वेगात आहे, त्यामुळे 60 हर्ट्झ हवंच.

आता हाताळणी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमचे कंटिन्यू नेमके इथेच संपताहेत.

दुसऱ्या भागात धावणं फक्त स्केट या पात्राला होतं. तिसऱ्यात ते सगळ्यांना आहे: पुढची दिशा दोनदा दाबा. वर-वर किंवा खाली-खाली दाबलं तर पात्र त्या बाजूला लोळतं. वाचताना ही किरकोळ भर वाटते, पण तिच्यामुळे सगळं गणित बदलतं. दुसऱ्या भागात एकदा घेरले गेलात की सुटायचे मार्ग फार थोडे: पाठीमागचा फटका, उडी, नाहीतर रक्त, म्हणजे थोडी लाइफ, देऊन मारलेला खास फटका, स्पेशल. त्यामुळे तो गेम जागा धरून ठेवण्याचा होता. तिसरा जागा सोडण्याचा आहे. जो माणूस इथे एका जागी उभा राहून चार-पाच फटक्यांचा कॉम्बो पूर्ण करू पाहतो त्याच्या पाठीत हमखास काहीतरी बसतं. इथले शत्रू जास्त हलतात, फटके अडवतात आणि पडलेली हत्यारं उचलतात.

पण खरी गोम स्पेशलच्या पट्टीत आहे. मुस्तफामध्ये मारण्याचं आणि उडीचं बटण एकत्र दाबलं की भिरभिरा फटका बसतो, पण थोडी लाइफ जाते. स्ट्रीट्स ऑफ रेज 2 मध्येही स्पेशल म्हणजे रक्ताचा सौदा. दोन्हींतून आपल्या हाताला एकच वळण लागतं: स्पेशल जपून ठेवायचा, मरायला टेकलं की काढायचा. तिसऱ्या भागात लाइफच्या पट्टीसोबत एक वेगळी पट्टी आहे. ती आपोआप भरत जाते आणि पूर्ण भरली की ‘ओके’ असं दिसतं. त्या क्षणी मारलेला स्पेशल पूर्ण फुकट. पट्टी अर्धवट असताना मारला तर ती जितकी रिकामी तितकी लाइफ जाते.

म्हणजे भरलेली पट्टी घेऊन नुसतं फिरणं हा शुद्ध तोटा आहे. ती भरून वाहत असते आणि तुम्ही पाण्याला तहानलेले असता. नवशिक्यांच्या खेळात मी पहिली गोष्ट हीच बघतो: पट्टी किती वेळ ‘ओके’वर अडकून राहते. एका स्टेजमध्ये दोन-तीनदाच स्पेशल निघत असेल, तर बाकी काहीही सुधारून उपयोग नाही.

एका गर्दीचं उदाहरण घेऊ. गॅल्सिया आणि डोनोवॅन हे नेहमीचे शत्रू. समोर तीन गॅल्सिया, मागून दोन डोनोवॅन येताहेत. दुसऱ्या भागाच्या सवयीने तुम्ही पहिल्या गॅल्सियाला पकडाल, गुडघे माराल, फेकाल. तोवर मागचे दोघे पोचलेले असतात. तिसऱ्यात असं करा:

पट्टी ‘ओके’ असेल तर त्यांना मुद्दाम जवळ येऊ द्या. दोन्ही बाजूंनी हातभर अंतरावर आले की स्पेशल. सगळे एकदम जमिनीवर, खर्च शून्य. लगेच त्यांच्यावर धावून जाऊ नका. वर किंवा खाली लोळून रांग बदला आणि शक्यतो सगळे एकाच बाजूला राहतील अशा ठिकाणी उभे राहा. ते उठून ओळीने येऊ लागले की पुढे-पुढे आणि मारण्याचं बटण, म्हणजे धावतानाचा ब्लिट्झ फटका. पुढचा आणि त्याला चिकटून येणारा दोघे पडतात. पुन्हा लोळा. एवढ्यात पट्टी परत बरीच भरलेली असते. अधल्यामधल्या वेळात एकटा सापडला तरच कॉम्बो किंवा पकड. पकडलेल्याला फेकायचं ते गर्दीच्या दिशेनेच, म्हणजे फेकलेला माणूस बाकीच्यांना घेऊन पडतो.

हे चक्र अंगवळणी पडलं की गेमचा अवघडपणा निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. डोनोवॅनवर उडी मारून जाऊ नका, वर येणाऱ्याला तो खालून ठोसा देतो. सिग्नल नावाचा शत्रू घसरत येतो आणि पकडून फेकतो. फेकला गेलात तर वरची दिशा आणि उडीचं बटण धरलं की पायांवर उतरता. ही युक्ती आधीच्या भागांतलीच आहे, पण इथे फटके महाग असल्याने तिची किंमत वाढली आहे.

इथे एक यांत्रिक अडचण. दोनदा दाबून धावणं आणि लोळणं हे ॲनालॉग काडीवर नीट होत नाही. काडी मध्यावर परत यायला वेळ लागतो, दुसरा दाब धरला जात नाही आणि पात्र चालत जाऊन मार खातं. दिशांची अधिक-चिन्हाची बटणंच वापरा, आणि टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा गेम मोड चालू करा. ‘बटण दाबलं पण झालं नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यानेच मिटते.

ब्लिट्झ फटक्याचं आणखी एक अंग आहे. न मरता 40,000 गुण जमले की एक चांदणी मिळते, अशा तीनपर्यंत. प्रत्येक चांदणीगणिक तोच धावता फटका जास्त जोरदार आणि जास्त लांबचा होतो. जीव गेला की चांदणीलाही फटका बसतो. कल्पना सुंदर, समतोल वाईट. चांगलं खेळणाऱ्याचा फटका आणखी चांगला होतो, आणि जो आधीच अडखळतोय त्याच्या हाती कायम बोथट हत्यार राहतं. पुढच्या स्टेज ज्या ताकदीच्या हिशोबाने रचल्या आहेत ती ताकद नेमकी गरजवंताकडे नसते. यावर तोडगा म्हणजे 6 बटणांचा पॅड. त्यावर ठरावीक दिशा-बटणांच्या जोडण्यांनी हे वरचे फटके चांदण्यांशिवायही मारता येतात. इम्युलेटरमध्ये पॅडचा प्रकार 3 बटणांवरच राहिलेला असतो, तो 6 वर करून घ्या.

आणि या वेगाचीच एक काळी बाजू. धावता फटका इतका फायद्याचा आहे की बरेचजण शेवटी तोच एक मारत राहतात. धाव, मार, लोळ, धाव, मार. दुसऱ्या भागात पकडीला मान होता: समोरून धरा, उडी घेऊन पाठीवर जा, मागून आपटा. हे सगळं तिसऱ्यातही आहे, पण गर्दीत त्यासाठी सवड मिळत नाही. मोकळीक वाढली आणि विविधता कमी झाली, असा विचित्र हिशोब आहे. दुसरा भाग अजूनही लोकांना जवळचा वाटतो त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

हत्यारांना आता आयुष्य आहे. ठरावीक वेळा वापरलं की ते मोडतं. बदल्यात पात्रागणिक हत्यारांचे खास फटके मिळतात. माझ्या मते सौदा बरोबरीत सुटतो. डॉक्टर झॅन हे नवं पात्र मात्र हत्यार उचलतं आणि त्याचा विजेचा गोळा करून फेकतं, हे या गेममधलं सर्वांत गमतीशीर दृश्य.

मॅक्स गेल्याचं दुःख समजू शकतो. त्याच्या जागी आलेला झॅन यंत्रमानव-शास्त्रज्ञ आहे, पल्ला लांब. पण मॅक्सच्या पकडींतलं ते थेट समाधान त्याच्यात नाही. सुरुवातीला मी झॅनच घ्यायला सांगेन, त्याच्या लांब हातांमुळे अंतराच्या चुका खपतात. ॲक्सेल सवयीचा वाटेल, पण तोच तुम्हाला दुसऱ्या भागाच्या चालीकडे ओढतो.

लपलेली पात्रंही आहेत. शीर्षकाच्या पडद्यावर वरची दिशा आणि बी बटण धरून स्टार्ट दाबलं की रू नावाचा कांगारू निवडता येतो. पहिल्या स्टेजचा बॉस शिवा पडल्यावर दुसरी स्टेज सुरू होईपर्यंत बी धरून ठेवलं, तर पुढच्या कंटिन्यूला शिवा मिळतो. शिवा ताकदवान आहे, सराव म्हणून वापरायला हरकत नाही.

स्टेजच्या रचनेबद्दल माझं मत संमिश्र आहे. काही प्रसंग खरोखर धाडसी आहेत. मागून बुलडोझर येतोय, तुम्ही भिंती फोडत पुढे पळताय आणि मधेच वळून त्यालाच ठोसे मारून मागे ढकलताय, असं 1994 च्या मारामारीच्या गेममध्ये क्वचित दिसायचं. सहाव्या स्टेजला विषारी वायूत अडकलेल्या माणसाला वेळेत सोडवायचं असतं. उशीर झाला तर सातवी स्टेज वेगळी, शेवटही वेगळा. जमलं तर खऱ्या शेवटच्या लढाईतही घड्याळ लागलेलं असतं, आणि ते संपलं तर पुन्हा निराळा शेवट. एकाच गेमचे असे अनेक शेवट म्हणजे पुन्हा खेळायचं खरं कारण. पण घड्याळ आणि ताणून ठेवलेली शत्रूंची लाइफ एकत्र आली की नियोजन करायला जागाच राहत नाही. रोबोंच्या लढाया तर लांबतात म्हणून कंटाळवाण्या होतात, अवघड म्हणून नव्हे. मधली संवादांची दृश्यं पहिल्यांदा बघायला ठीक, पाचव्यांदा गती मोडतात.

संगीताबद्दल तुम्ही ‘कर्कश’ म्हणालात, तर त्यामागचं कारण सांगतो. युझो कोशिरो आणि मोतोहिरो कावाशिमा यांनी या भागासाठी सुरांच्या ओळी यंत्राकडून, काहीशा यादृच्छिक पद्धतीने निर्माण करून घेतल्या आणि त्यातून निवड करून रचना केल्या. दुसऱ्या भागातला नाचाच्या क्लबचा गोड, गुणगुणण्याजोगा ठेका मुद्दाम सोडून ते कठोर टेक्नोकडे गेले. मेगा ड्राइव्हच्या आवाजाच्या चिपमध्ये एफएमचे (ही कृत्रिम सूर तयार करण्याची पद्धत, रेडिओ नव्हे) 6 चॅनल, त्यातला एक आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजांसाठी वापरला जातो. एवढ्या सामग्रीत त्यांनी जे काढलं ते धाडसाचं काम आहे. तरीही गेममध्ये ते सगळीकडे बसत नाही. डिस्कोच्या स्टेजमध्ये आणि बुलडोझरच्या पाठलागात ते अंगावर काटा आणतं, साध्या रस्त्यावरच्या मारामारीत डोकं उठवतं. एकदा गेम बाजूला ठेवून हेडफोनवर ऐका, तुमचं मत अर्धं तरी बदलेल.

वेळ घालवावा का? जोडीने खेळणार असाल तर नक्की. दोघांत मिळून मारायचे फटके आहेत, गर्दी वाटली जाते आणि दोन पट्ट्या आलटून-पालटून भरत राहतात: एकाचा स्पेशल संपला की दुसऱ्याचा तयार. फक्त एकमेकांना फटके लागतात हे विसरू नका. दोघांनी वेगवेगळ्या रांगा धरा, एक पडद्याच्या वरच्या कडेला, एक खालच्या, आणि धावता फटका मारण्याआधी जोडीदार समोर नाही ना ते बघा. एकटे असाल तर असा क्रम ठेवा: आधी फक्त पहिली स्टेज, एकही जीव न घालवता, भरलेली पट्टी एकदाही वाया न घालवता. ती जमेपर्यंत पुढे जाऊ नका. पहिल्या स्टेजला आलेला शिवा धावणं, लोळणं आणि फुकटचा स्पेशल, तिन्हींची परीक्षा घेतो, त्यामुळे तिथे जे शिकाल ते शेवटपर्यंत पुरतं. चार-पाच बैठकांत तो न मरता पडायला लागला की दुसऱ्या स्टेजला जा. तोवर पहिली चांदणीही हातात आलेली असेल, आणि ती घेऊन दुसऱ्या स्टेजमध्ये शिरलात की हाच गेम किती वेगळा लागतो ते स्वतः बघा.